तीन मुक्कामांचा पाहुणा

वाटेने आलेल्या माणसाला पाणी द्यायच्या आधी नाव विचारणं हा सरायवरच्या बाबांच्या लेखी मोठा गुन्हा होता. मी तो पहिल्याच भेटीत केला, आणि तोही उलट्या बाजूने. त्यांनी काही विचारलेलं नसताना मी सरायच्या दारात उभं राहून माझं नाव, गाव, शिक्षण आणि नेमणुकीचा हुकूम हे सगळं त्यांना सांगून टाकलं. त्यांनी ते ऐकूनच घेतलं नाही. दोन्ही हातांनी कान झाकून घेतले, आणि माझे ओठ हलायचे थांबल्यावर पितळी लोटा पुढे केला.

"पयले पानी प्या," ते म्हणाले. "नाव उद्या सांगा, राह्यलंच तोंडात तं."

छप्पन सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला होता, कचेऱ्यांमधले कागद नागपूरहून मुंबईकडे चालले होते, आणि त्याच गडबडीत माझी अकोल्याकडून पांढरकवड्याच्या मिडल स्कूलमध्ये इतिहास शिकवायला बदली झाली होती. खोली मिळेना. हैदराबादच्या सडकेला लागून, गावाच्या जरा बाहेर, एक जुनी धर्मशाळा आहे असं कुणीतरी सांगितलं. एका व्यापारी घराण्याने कधीकाळी पुण्य म्हणून बांधलेली. चार ओवऱ्या, पुढे पडवी, अंगणात विहीर. सगळे तिला सरायच म्हणत, आणि बाबा तिचे राखणदार होते. त्यांचं खरं नाव मला पुढे कळलं, पण ते इथे सांगून त्यांना पुन्हा कान झाकायला लावायची माझी इच्छा नाही.

जातीने बंजारा. त्यांचे वाडवडील लदेणीवर फिरलेले, म्हणजे बैलांच्या पाठीवर मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या लादून मुलूखभर हिंडलेले. आगगाडी आली, मोटारी आल्या, तांडे एका जागी बसले आणि बाबांची भावकी कापूस पेरायला लागली. बाबांना शेती मानवली नाही. "एकाच जागी उभं राहून मानसानं काय पाह्याचं?" असं ते म्हणायचे. असं म्हणणारा माणूस चाळीस वर्षं एकाच दारात बसून होता. मी हे त्यांच्या लक्षात आणून दिलं की ते सडकेकडे बोट करायचे. "मी बसून हाय गुरुजी, पन रस्ता तं चालून राह्यला ना."

तीन दिवस त्यांनी माझी जी बडदास्त ठेवली तशी माझ्या सासुरवाडीनेही ठेवली नाही. सकाळी तापलेलं पाणी, दोन वेळा भाकर आणि तुरीच्या डाळीचं वरण, झोपायला आतली कोरडी ओवरी. चौथ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आलो तर माझी ट्रंक सडकेच्या कडेला होती आणि वळकटी तिच्यावर व्यवस्थित बांधून ठेवलेली. मी चिडलो. खोली मिळालेली नाही, नवखा माणूस आहे, शिक्षक आहे, हे सगळं ऐकवलं.

"तीन मुक्काम," बाबा म्हणाले. "चवथ्या दिवशी पाहुना पाहुना राह्यत नाही, घरचा होते. अन् सराय कोनाचंच घर नाही. तुमी घरचे झाले तं मंग मागून येनाऱ्याले जागा कोन देईन?"

"तुमच्या तांड्यातही असंच करता का? पाहुण्याला चौथ्या दिवशी बाहेर?"

"तांड्यात येगळं. घरी चवथ्या दिवशी पाहुना आपलं गाठोडं बांधते अन् दारात बसते. तोंडानं काही मांगत नाही. घरधन्यानं उठून गाठोडं आत नेलं, की तो घरचा. मंग त्याले मरेपर्यंत कोनी जा म्हनू शकत नाही. नाही नेलं, तं थोडा येळ बसते, रामराम करते अन् वाटेले लागते. मांगनं नाही अन् नाही म्हननं बी नाही. कोनाचीच मान खाली जात नाही."

मी ते ऐकून घेतलं आणि ट्रंक उचलली. त्याच दिवशी संध्याकाळी शाळेजवळ दोन खोल्या मिळाल्या. पुढे बायको आली, संसार लागला, आणि ज्याने मला सडकेवर काढलं त्याच माणसाशी माझी मैत्री झाली. शाळा सुटली की मी सरायच्या पडवीत जाऊन बसे. मुक्कामाला कुणी ना कुणी असेच. कधी जंगलातून डिंक घेऊन बाजाराला आलेले कोलाम आदिवासी, कधी बिघडलेल्या ट्रकचा शीख ड्रायव्हर, कधी नुसतीच कुठून कुठे तरी चाललेली माणसं. बाबा कुणालाही काही विचारत नसत. फक्त पायांकडे बघत. पायांवरून माणूस किती चालून आलाय ते त्यांना कळे, आणि त्या मानाने ते भाकरी थापत.

त्यांना जगात एकाच गोष्टीचं भय होतं, आणि ते त्यांनी मला एकदा तूर निवडता निवडता सांगितलं होतं. आपल्याला कुणाच्या तरी दारात गाठोडं घेऊन बसावं लागेल, हे ते भय. "जलमभर मी दुसऱ्याले पाहुना केलं, गुरुजी. मले सोताले पाहुना होता येत नाही." एक मुलगी होती, मुकुटबनला दिलेली. तिच्याकडेही ते वर्षातून एकदा जात आणि तिसऱ्या मुक्कामानंतर परत येत. मुलगी रडायची. जावई तर गाठोडं उचलायला नेहमीच तयार असायचा, म्हणून बाबा चौथी सकाळ व्हायच्या आतच तिथून निघत. लेकीच्या घरचं अन्न तीन दिवसांच्या वर खाणं त्यांच्या मनाला पटत नव्हतं.

आता शाळेतला प्रसंग सांगतो. इतिहासाच्या पुस्तकात एक वाक्य होतं. प्राचीन काळी राजे प्रजेच्या सोयीसाठी रस्त्यांच्या दुतर्फा झाडे लावीत, विहिरी खोदीत व धर्मशाळा बांधीत. हे वाक्य सगळ्या राजांना सारखंच लागू पडतं, त्यामुळे शिकवायला सोपं. मी ते फळ्यावर लिहीत होतो आणि बाबा कशासाठी तरी शाळेवरून चालले होते. ते खिडकीशी थांबले. वर्ग त्यांच्याकडे बघायला लागला.

"राजानं झाडं लावले असतीन," ते बाहेरूनच म्हणाले, "पन राजाले कसं समजलं का इथूनच मानसं जाते म्हून? वाट तं पयलेच पडेल होती ना? मंग तिच्यावर जे मानसं जात होते थे कुठं थांबत होते?"

पोरं हसली. मला राग आला, कारण मला उत्तर येत नव्हतं. "बाबा, हे पुस्तकात असंच आहे," मी म्हणालो. शिक्षकाने तोंडातून काढू नये असं वाक्य ते. बाबांनी मान हलवली आणि निघून गेले. संध्याकाळी पडवीत त्यांनी मला ती पहिली सराय सांगितली. ती कुणी बांधलेली नव्हती. तांडा उठायचा, पण एखादी बाई बाळंत झालेली असे, एखादा बैल पाय मोडून पडलेला असे, कुणी म्हातारा मागे रेंगाळलेला असे. पुढे गेलेल्यांना मागच्यांची काळजी. म्हणून जाताना चुलीचे तीन दगड मोडायचे नाहीत, शेजारी मूठभर वाळलेल्या काटक्या ठेवायच्या आणि मडक्यात पाणी झाकून ठेवायचं. मागून येणारा आपला असो नाहीतर परका. परका आला तरी पाणी तेच.

"थे तीन दगड म्हंजे पयली सराय," बाबा म्हणाले. "राजे मंग आले. त्यायनं नुसत्या भिंती घातल्या."

हे खरं की खोटं, मला माहीत नाही. त्यांच्या याडीने, म्हणजे आईने, त्यांना ते सांगितलं होतं आणि तिला तिच्या याडीने. मी पुढे पुष्कळ वाचलं, पण ह्याहून जास्त पटणारं मला कुठे सापडलं नाही. तरी परीक्षेत मुलांनी राजांचंच उत्तर लिहिलं आणि मी त्यालाच गुण दिले.

सराय गेली ती बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला. सडक रुंद झाली होती, ट्रक वाढले होते, ड्रायव्हर लोकांसाठी सडकेवर खाटा टाकलेली हॉटेलं निघाली होती. बांधणाऱ्या घराण्याचे नातू आले, ओवऱ्यांची लांबी-रुंदी मोजली आणि एका वाहतूकवाल्याला गोदामासाठी जागा देऊन टाकली. ते काही दुष्ट लोक नव्हते. एकाने तर बाबांना गोदामाचा चौकीदार म्हणून राहा असंही सांगितलं. बाबांनी विचारलं, "कापसाच्या गाठीले पाह्याचं, का मानसाले?" आणि नाही म्हणाले.

अर्ज मी लिहून दिला. म्हणजे बाबांनी सांगितला आणि मी लिहिला. त्यांनी सुरुवात केली ती थेट तीन दगडांपासून. मडकं, काटक्या, मागे राहिलेली बाळंतीण, सगळं आलं. दीड ताव झाल्यावर मागणी आली, ती एका ओळीची होती: वाटसरू आहे तोवर सराय मोडू नये. घरी येऊन मी तो अर्ज पुन्हा लिहिला, पाऊण पानाचा, सरकारला समजेल असा. बाबांनी तो माझ्याकडून वाचून घेतला.

"मूळ काहून काहाडलं?" त्यांनी विचारलं.

"एवढं कोणी वाचत नाही, बाबा."

"मंग मांगून काय उपेग? त्यायले समजनच कसं, का काय मोडून राह्यले म्हून?"

पाऊण पान पाठवलं. त्याचंही उत्तर आलं नाही. दीड ताव पाठवला असता तरी आलं नसतं हे मला ठाऊक आहे, पण निदान त्यांचं म्हणणं कुठल्या तरी कपाटात पडून राहिलं असतं. तो ताव मी नंतर शोधला. बायकोने चूल पेटवायला वापरला होता.

फाल्गुन सरत आला होता आणि उन्हं कडक व्हायला लागली होती तेव्हा ओवऱ्यांना कुलपं लागली. त्या दिवशी दुपारी बाबा आमच्याकडे आले. खांद्यावर गाठोडं, हातात तोच पितळी लोटा. मी काही विचारलं नाही, आधी पाणी दिलं. तेवढं मी त्यांच्याकडून शिकलो होतो. ते प्याले आणि बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसले. आमची मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती. बाबांना खोकला होता. साधा नव्हे, खोल, छातीच्या तळातून येणारा. सरायमध्ये तो मी वर्षभर ऐकत होतो आणि मला त्याचं काही वाटलं नव्हतं. माझ्या घरात तो मला पहिल्या तासातच ऐकू यायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी बायकोला त्यांचा पेला वेगळा ठेवायला सांगितला. तिने तो वेगळा ठेवला. त्या दुपारपासून बाबा स्वतःच्या लोट्यातून पाणी पिऊ लागले, आणि तो लोटा दाराबाहेर ठेवू लागले. मला ते दिसलं. बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. मुलीला ते जवळ घेत नव्हते, लांबूनच तिच्याकडे बघून जीभ टाळ्याला लावून बैल हाकल्यासारखा आवाज काढत आणि ती हसे. संध्याकाळी ते माझ्या वह्यांची चळत बघत बसत. "लय लेकरं हायेत तुमाले," असं एकदा म्हणाले. तीन दिवसांत एवढंच काय ते बोलणं झालं.

चौथ्या दिवशी मी उठलो तेव्हा ते आंघोळ करून तयार होते. गाठोडं बांधलेलं होतं. चहा झाला. मग ते उठले, गाठोडं घेतलं आणि दारात जाऊन बसले. उंबऱ्याच्या बाहेर नाही, आतही नाही, अगदी मधे. गाठोडं मांडीवर नव्हतं, बाजूला ठेवलेलं होतं, कुणालाही सहज उचलता येईल असं.

मला कळलं. कळलं नाही, लक्षात नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगून पाहिलं, पण ते खोटं आहे. मला त्यांचा शब्द न् शब्द आठवत होता. मी दाढी केली. काल तपासलेल्या वह्या पुन्हा तपासल्या. दोन दिवसांपूर्वीचा पेपर वाचला. बायको स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. पुन्हा आली. तिला तो रिवाज माहीत नव्हता, पण एक म्हातारा दारात बसलाय आणि नवरा पेपर वाचतोय एवढं तिला दिसत होतं. तिने विचारलं, "बाबा, दूध घेता का?" ते म्हणाले, "नाही माय, पानी दे." थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा एकदा पाणी मागितलं. तहान एवढी नव्हती. ते मला वेळ देत होते.

अकराची घंटा झाली. मी टोपी घातली. बाबाही उठले.

"रामराम गुरुजी. मुकुटबनले जातो. लेकीनं बलावलं हाय, आता तिच्याकडंच राह्यतो."

"बरं झालं," मी म्हणालो. मला खरंच हायसं वाटलं होतं. त्यांना घर मिळालं आणि माझ्याकडून काही चुकलंही नाही, असा हिशेब करत मी शाळेत गेलो आणि सातवीला धडा शिकवला.

महिन्याभराने, शाळा सकाळची झाल्यावर, एक बाई दुपारी आमच्या दारात उभी राहिली. घोळदार लाल घागरा, हातभर बांगड्या, डोक्यावर भलंमोठं गाठोडं. चालत आली होती, निदान शेवटचा बराच टप्पा. मी पाणी दिलं. ते पिऊन तिने मला वाकून नमस्कार केला, पाय धरू लागली तेव्हा मी मागे झालो.

"मी मुकुटबनची," ती म्हणाली. "बाची लेक. त्यानं बैलगाडीवाल्यासंगं निरोप धाडलता, का गुरुजीनं गाठोडं उचललं म्हून. आता गुरुजीच्या घरचा झालो, माही फिकीर करू नको म्हने. मी इतके दिस बोलावलं तं आला नाही. तुमी कसं काय ठेवून घेतलं त्याले? लय उपकार झाले."

ती बोलता बोलता गाठोडं सोडत होती. ज्वारीच्या कण्या, कारण म्हाताऱ्याला भाकर चावत नव्हती. नवीन धोतर. खोकल्यासाठी कसल्याशा मुळ्या. माझ्या मुलीसाठी आरसे लावलेलं झबलं, तिने स्वतः टाचलेलं. "कुठं हाय तो?" तिने आत डोकावत विचारलं. "झोपला का?"

नंतर आम्ही त्यांना पुष्कळ शोधलं. तिचा नवरा, मी, दोन ओळखीचे ट्रकवाले. वणीपर्यंत, राजूरच्या खाणीपर्यंत, खाली आदिलाबादच्या बाजूलाही. निरोप आणणारा गाडीवाला सापडला. बाबा त्याला सडकेवर, गाव सोडल्यावर भेटले होते, आणि मुकुटबनच्या उलट दिशेने चालले होते, एवढंच त्याला माहीत होतं. एका नाल्याजवळ तीन दगडांची न मोडलेली चूल दिसली आणि बाजूला थोड्या काटक्या. ती कुणाचीही असेल. मडकं नव्हतं. ह्यापलीकडे आजपर्यंत काही कळलेलं नाही, आणि आता कळायचंही नाही.

पण ते नंतरचं. त्या दुपारी मी तिला खरं ते सांगितलं. ती ऐकत होती आणि हाताने धोतराची घडी पुन्हा पुन्हा सारखी करत होती. ती रडेल, मला बोलेल, असं मला वाटलं. तसं काही झालं नाही.

"गाठोडं बांधून दारात बसलता?" तिने विचारलं.

"हो."

"तुमाले ठाव होतं, कायले बसला थे?"

"हो," मी म्हणालो. बायको आतून माझ्याकडे बघत होती. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं.

बाईने कण्यांची पुरचुंडी उचलून गाठोड्यात परत ठेवली. मग मुळ्या. मग धोतर. झबलं तेवढं उंबऱ्यावर राहू दिलं. गाठ मारताना तिने खाली मान घालूनच विचारलं,

"किती येळ बसलता?"

"शाळेची घंटा होईपर्यंत," मी म्हणालो.